पेन्सिल पोर्ट्रेटमध्ये भाव कसा आणायचा: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

पोर्ट्रेट शिकायला लागलेल्यांच्या वहीत एक चित्र हमखास सापडतं. प्रमाणं चोख, नाक जागच्या जागी, केसांवर भरपूर मेहनत, आणि माणूस ओळखूही येतो. तरीही बघणारा "छान आहे हं" म्हणतो आणि पान उलटतो. चेहरा आहे, पण त्यामागे कुणी आहे असं वाटत नाही.

दर वेळी याचं कारण कच्चा हात नसतो. आधी चेहरा काढू, भाव शेवटी घालू, असं आपण धरून चालतो. मग पूर्ण झालेल्या चेहऱ्यावर ओठांची टोकं खाली वळवायची की झालं दुःख, आणि वर वळवली की आनंद. असा वरून चिकटवलेला भाव लगेच कळतो. खरा भाव चेहऱ्यावर दोन-तीन ठिकाणी, अगदी थोड्या जागेत, स्नायूंचा ताण म्हणून दिसतो. त्या जागा कुठल्या, हे पहिली रेघ ओढण्याआधी ठरवायचं आणि बाकीचा चेहरा त्यांना साथ देईल असा काढायचा. या लेखातली प्रत्येक पायरी याच विचाराने लिहिली आहे.

साहित्य

साहित्य थोडंच लागतं. एचबी, २बी, ४बी आणि ६बी एवढ्या पेन्सिली पुरतात. त्वचेच्या फिक्या छटांसाठी एक २एच जवळ ठेवा. एच म्हणजे कडक आणि फिकी, बी म्हणजे मऊ आणि काळी. हा फरक शिशातल्या मातीच्या प्रमाणामुळे पडतो. १७९५ मध्ये निकोला-जाक काँते या फ्रेंच माणसाने ग्रॅफाइटची पूड आणि चिकणमाती मिसळून भट्टीत भाजायची पद्धत काढली. माती जास्त तर शिसं कडक, ग्रॅफाइट जास्त तर मऊ. हे ध्यानात असलं की ६बी नुसती हलकी चालवून २एचची छटा मिळेल किंवा २एच दाबून ६बीची, हा हट्ट आपोआप सुटतो. २एच दाबली की कागदाला चर पडतो, आणि तो चर पुढे कशानेही भरत नाही.

कागद थोडा खरखरीत घ्या. गुळगुळीत कागदावर तीन-चार थरांनंतर ग्रॅफाइट बसेनासं होतं. साधं खोडरबर आणि मळता येणारं निडेबल रबर, दोन्ही हवीत. यातलं दुसरं जास्त महत्त्वाचं, कारण भावाचं निम्मं काम त्यानेच करायचं आहे.

पहिली पायरी: भावाला नेमकं नाव द्या

"दुःखी चेहरा" एवढ्यावर हात चालत नाही. रडून दमलेला चेहरा, रडू आवरून धरलेला चेहरा आणि आतून सुन्न झालेला चेहरा, तिन्ही दुःखीच. पण पहिल्यात सगळं सैल सुटलेलं असतं, दुसऱ्यात हनुवटी आणि ओठ ताणलेले असतात, तिसऱ्यात नजर कुठेच थांबत नाही. कागदाच्या कोपऱ्यात एक वाक्य लिहा: "वाईट बातमी कळली आहे, पण समोर मूल बसलंय म्हणून चेहरा सावरतेय." असं वाक्य लिहिलं की काय सैल आणि काय घट्ट, हे अर्धं ठरून जातं.

सुरुवातीला आवरून धरलेले भाव निवडा असा माझा आग्रह राहील. किंचाळणारं तोंड आणि वाहणारे अश्रू सोपे वाटतात, पण त्यात बघणाऱ्याला शोधायला काही उरत नाही. आवरलेल्या भावात दोन ताण एकमेकांविरुद्ध ओढत असतात. चेहरा जिवंत दिसतो तो त्या ओढाताणीमुळे.

दुसरी पायरी: समोर काय ठेवून काढायचं

सगळ्यात आधी आरसा. डच चित्रकार रेम्ब्रांटने १६३० च्या सुमारास स्वतःचेच चेहरे वेडेवाकडे करून छोटी एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेघा खोदून कागदावर घेतलेले छाप, केली: कधी डोळे विस्फारलेले, कधी तोंड उघडं, कधी कपाळाला आठ्या. त्यातली काही जेमतेम पाच सेंटिमीटरची आहेत. त्याने केलं ते तुम्हीही करा. आरशासमोर बसा, भाव चेहऱ्यावर आणा आणि डोळे मिटून कुठे ताण जाणवतोय ते आतून तपासा. भुवईत? गालात? जबड्यात? जिथे ताण जाणवला तिथेच पेन्सिलीचं मुख्य काम आहे.

समोर माणूस बसवणार असाल तर त्याला "दुःखी हो" असं सांगू नका. सांगून आणलेला भाव अर्ध्या मिनिटात शिळा होतो आणि मागे नुसता मुखवटा उरतो. गप्पा मारा, ऐका, आणि भाव येऊन गेल्यावर पाच-सहा रेघांत तो टिपून ठेवा. चेहऱ्याची ठेवण नंतर निवांत बघून काढता येते.

फोटोवरून काढायला हरकत नाही, फक्त फोटो नीट निवडा. मोबाइल तोंडाजवळ धरून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. दोन मीटर मागे सरकून थोडं झूम केलं की हा दोष जातो. फ्लॅश लावलेला फोटो घेऊच नका. सावल्या मरतात, आणि ज्यावर भाव तोलायचा तेच हातातून जातं.

तिसरी पायरी: मान आणि डोक्याचा कल

चेहऱ्याच्या आत शिरण्याआधी एचबीने अगदी हलक्या हाताने डोक्याचा अंडाकार, त्याची मधली रेषा आणि मान-खांद्यांची रेषा काढा. या तीन-चार रेषांतच भाव ओळखू यायला हवा. हनुवटी थोडी खाली आली आणि नजर वर राहिली की माणूस दबकलेला किंवा रागावलेला वाटतो. हनुवटी खाली आणि नजरही खाली असेल तर तो स्वतःत बुडालेला दिसतो. डोकं एका बाजूला कललं की कठोरपणा जातो. खांदे कानांकडे चढले तर भीती किंवा थंडी, आणि मानेवर कानामागून गळपट्टीच्या हाडाकडे तिरका उतरणारा स्नायू उठून दिसला तर माणूस काहीतरी दाबून ठेवतोय.

प्रमाणाची एक-दोन मापं लक्षात असू द्या: डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर येतात, कपाळाच्या वरच्या टोकाजवळ नाही, आणि दोन डोळ्यांमध्ये साधारण एका डोळ्याइतकी जागा असते. डोकं वाकलं की या सगळ्या आडव्या रेषा कमानीसारख्या वळतात. ते विसरलं की वाकलेल्या डोक्यावर सरळ बघणारा चेहरा बसतो आणि चित्र तिथेच फसतं.

या टप्प्यावर पोस्टाच्या तिकिटाएवढी तीन-चार छोटी चित्रं काढा. डोळे-नाक नको, फक्त कल आणि सावलीचे ठोकळे. ज्यातून भाव लांबूनही कळतो ते मोठं करायला घ्या.

चौथी पायरी: भुवई आणि डोळा

इथे घाई करू नका. माझा स्वतःचा निम्म्याहून जास्त वेळ याच पट्ट्यात जातो, आणि तो गेलाच पाहिजे असं मला वाटतं.

दुःखात भुवयांची आतली टोकं, म्हणजे नाकाकडची, वर उचलली जातात आणि त्याच वेळी एकमेकांकडे ओढली जातात. कपाळावर फक्त मध्यभागी आडव्या वळ्या पडतात, आणि भुवईखालची त्वचा आतल्या कोपऱ्यापासून बाहेर तिरकी उतरते. चार्ल्स डार्विनने १८७२ मध्ये या स्नायूंना शोकाचे स्नायू म्हटलं होतं. ही हालचाल ठरवून करणं बहुतेकांना जमत नाही, म्हणूनच बघणारा तिच्यावर लगेच विश्वास ठेवतो. रागात याच्या उलट होतं: भुवया खाली येतात, मध्ये उभ्या आठ्या पडतात आणि खालची पापणी घट्ट होते. भीतीत भुवया वर जातात, पण सरळ आणि ताणलेल्या राहतात, आणि बुबुळाच्या वर पांढरं दिसू लागतं.

आता पेन्सिल हातात घेऊन रडू आवरलेल्या डोळ्याकडे जाऊ. आधी नेत्रगोल काढा. पापणी हा त्या गोलावर पडलेला ओला रुमाल समजा. ती गोलाईला धरून वळते, तिला स्वतःची जाडी असते. वरच्या पापणीची कड २बीने काढा आणि बाहेरच्या टोकाकडे रेघ किंचित जाड होऊ द्या. शांत डोळ्यात वरची पापणी बुबुळाचा थोडा भाग झाकते आणि खालची बुबुळाला जेमतेम टेकते. आपल्या डोळ्यात वरची पापणी आणखी एक-दोन केसांइतकी खाली आणा. खालची पापणी किंचित वर चढवा, कारण रडू आवरताना ती ताणली जाते. चित्रात हे अंतर अर्ध्या मिलिमीटरचंही नसतं, पण तेवढ्याने झोपाळू डोळा आणि भरून आलेला डोळा यांतला फरक पडतो.

डोळ्याचं पांढरं पांढरं ठेवायचं नसतं. तो गोल आहे, आणि वरच्या पापणीची सावली त्यावर पडते. २एचने दोन्ही कोपऱ्यांकडे आणि वरच्या कडेखाली फिकी छटा द्या. नुसता कोरा पांढरा डोळा नेहमी दचकलेला दिसतो.

बाहुली ४बीने भरा. उजेडाचा ठिपका आधीच राखून ठेवा आणि दोन्ही डोळ्यांत तो एकाच बाजूला येऊ द्या. हा ठिपका किती ठळक असावा, हेही भाव ठरवतो. पूर्ण, स्वच्छ ठिपका डोळ्याला टवटवी देतो. पापणीच्या सावलीत अर्धा बुडालेला, किंचित करडा केलेला ठिपका नजर आत वळल्यासारखी दाखवतो. सुन्न चेहऱ्यात तो जवळजवळ विझवून टाका.

आता पाणी. गालावरून ओघळणारा अश्रू काढायचा मोह टाळा. त्याऐवजी खालच्या पापणीची कड, म्हणजे पापण्यांचे केस आणि नेत्रगोल यांच्यामधली ती बारीक पट्टी, शोधा. ती आधी एचबीने हलकी करडी करा. मग निडेबल रबराला सुईसारखं टोक काढून त्या पट्टीवर एक तुटक उजळ रेघ उचला. आतल्या कोपऱ्यात, जिथे पाणी साचतं, तिथे ती जरा जाड होऊ द्या. लगेच खाली ४बीची अगदी बारीक गडद रेघ द्या. डोळा पाणावलेला दिसतो, आणि अश्रू पडणार की नाही हे बघणाऱ्यावर सोडलं जातं.

दोन्ही डोळे आरशातल्या प्रतिबिंबासारखे सारखे काढू नका. भाव चेहऱ्याच्या दोन बाजूंवर क्वचितच समान उतरतो. एक भुवई जरा जास्त उचललेली, एक पापणी जरा जड, असं ठेवलं की चेहऱ्याचा साचेबंदपणा जातो.

पाचवी पायरी: तोंड

नवखा हात ओठांची बाहेरची कड आधी ओढतो. त्याने ओठ कापून चिकटवल्यासारखे दिसतात. आधी दोन ओठांमधली फट काढा, कारण तोंडाचा भाव तिच्यात आणि तिच्या दोन टोकांत असतो. ओठांच्या बाहेरच्या कडा बहुतेक ठिकाणी छटेनेच दाखवायच्या. खालच्या ओठाची कड तर त्याच्याखाली पडणाऱ्या सावलीतून आपोआप उमटते.

टोकांपाशी थांबून बघा. तिथे रेघ संपत नाही, तिथे एक छोटा खळगा असतो. तो खोल आणि आत ओढलेला असेल तर माणूस काहीतरी गिळून टाकतोय. टोक किंचित खाली उतरलं आणि खालून हनुवटी वर ढकलली गेली, तिच्यावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खड्डे पडले, तर रडू ओठांपर्यंत आलंय. हे खड्डे २बीच्या बोथट टोकाने, छोट्या-छोट्या ठिपक्यांनी, अगदी फिके काढा. जास्त झाले तर दाढीचे खुंट वाटतात.

हसण्याबद्दल एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. द्युशेन या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्ये मांडलं की मनापासूनच्या हसण्यात ओठांची टोकं वर ओढणाऱ्या स्नायूबरोबर डोळ्याभोवतीचा स्नायूही आकसतो, आणि हा दुसरा स्नायू सहसा आपल्या हुकमात नसतो. म्हणजे हसरा चेहरा काढताना अर्धं काम डोळ्यांखाली आहे. गाल वर चढतात, खालची पापणी फुगते, बाहेरच्या कोपऱ्यात सुरकुत्या पडतात. तोंड हसरं आणि डोळे शांत ठेवले तर ते हसणं ओढूनताणून आणलेलं दिसेल. कधी तेच हवं असतं. तेव्हा ते जाणूनबुजून करा. दात दिसत असतील तर दातांमधल्या रेघा ओढू नका. दातांची पूर्ण रांग एकच फिका आकार म्हणून ठेवा आणि कोपऱ्यांकडे सावलीत जाऊ द्या.

सहावी पायरी: उजेड आणि छटा

इथून पुढे चेहरा एकत्र बांधायचा आहे. उजेड कुठून येतोय हे एकदाच ठरवा. वरून एका बाजूने पडणारा उजेड गालाची हाडं आणि खाचा सांगतो. चेहरा गंभीर, खोल होतो. अगदी डोक्यावरून पडला की डोळे सावलीत जातात आणि माणूस दूर, एकटा वाटतो. खिडकीतून पसरून येणारा मऊ उजेड कडा वितळवतो, त्यात माया आणि आठवण चांगली उतरते. खालून पडणारा उजेड अस्वस्थ करतो, तो फार जपून वापरा.

मग छटांचा आवाका ठरवा. चित्रात सगळ्यात काळी जागा कुठे असेल? ती एकच असावी आणि भावाच्या जागेजवळ असावी. डोळ्यावर भाव असेल तर ६बी फक्त वरच्या पापणीखाली आणि बाहुलीत. केसांत तेवढाच काळा टोन भरला की नजर तिकडे पळते. केस कितीही काळे असले तरी चित्रात ते एक पायरी फिके ठेवा. ही तडजोड सुरुवातीला पटत नाही, करून बघितली की पटते.

छटा थरांनी चढवा, दाबून नाही. ६बी जोरात घासली की ग्रॅफाइट चकाकतं, आणि बाजूने बघितलं तर सर्वांत गडद जागाच उजळ दिसते. बोटाने फासू नका. बोटाचं तेल कागदाला लागतं आणि तो डाग पुढे रबराला दाद देत नाही. पेपर स्टंप, म्हणजे छटा घोटायची कागदाची घट्ट गुंडाळी, वापरा, पण थोडा. सगळी त्वचा घोटून गुळगुळीत केली की चेहरा मेणाचा होतो. सुकुमार किंवा स्वप्नाळू भावाला थोडं घोटणं चालतं. राग, थकवा, म्हातारपण यांना उघड्या रेघाच हव्यात. जर्मन चित्रकार अल्ब्रेख्त ड्यूररने १५१४ च्या मार्चमध्ये आपल्या त्रेसष्ट वर्षांच्या आईचं चित्र कोळशाने काढलं. कपाळाच्या वळ्या, खोल गेलेले गाल, मानेच्या शिरा, सगळं राकट रेघांत उघडं ठेवलंय. दोन महिन्यांनी ती गेली. त्या रेघा गुळगुळीत केल्या असत्या तर ते चित्र आज कुणाच्या लक्षात राहिलं असतं का, मला शंका आहे.

सातवी पायरी: कुठे थांबायचं

कडक कड नजरेला थांबवते, विरलेली कड पुढे जाऊ देते. म्हणून भावाच्या जागेभोवतीच्या कडा स्पष्ट ठेवा आणि कान, केसांची टोकं, खांदा यांच्या कडा कागदात विरू द्या. सावलीतला गाल आणि मागची पार्श्वभूमी एकाच छटेत मिसळू देण्याचं धैर्य लवकर कमवा. फ्रेंच चित्रकार अँग्रने ग्रॅफाइटमध्ये केलेल्या पोर्ट्रेटमध्ये चेहरा बारकाईने पूर्ण केलेला असतो आणि कपडे दोन-चार मोकळ्या रेषांत सोडलेले असतात. तरी कपडे अपुरे वाटत नाहीत.

हात चित्रात आला तर त्याला चेहऱ्याइतकाच मान द्या. जर्मन चित्रकार केटे कोल्वित्झने १९१० मध्ये कपाळाला हात लावलेलं स्वतःचं एचिंग केलं. त्यात थकवा जितका डोळ्यांत आहे तितकाच कपाळावर टेकलेल्या त्या हातात आहे. नुसती दोन बोटं गालावर टेकली आणि तिथली त्वचा थोडी दबलेली दाखवली, तरी डोक्याचं वजन बघणाऱ्याला जाणवतं.

काम संपत आल्यावर चित्र उभं करून ठेवा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा. लांबून भाव कळतो का? मग ते आरशात बघा. उलट्या प्रतिमेत डोळ्यांची पातळी चुकली असेल तर लगेच दिसते. कोपऱ्यात लिहिलेलं वाक्य पुन्हा वाचा. त्या वाक्याला मदत न करणारा तपशील, एखादी उगाच ठळक झालेली सुरकुती, चकाकणारं नाक, निडेबल रबर हलकेच दाबून फिका करा. घासायचं नाही, दाबून उचलायचं.

सरावासाठी एकच चेहरा घ्या. शांत अवस्थेतली एक बाह्यरेषा काढा आणि ट्रेस करून तिच्या चार प्रती करा. प्रत्येकीत फक्त भुवया, खालच्या पापण्या आणि तोंडाची टोकं बदला. नाक, कान, केस तसेच ठेवा. चारही चेहरे शेजारी ठेवून, भावांची नावं न सांगता, कुणाला तरी ओळखायला सांगा. जो भाव ओळखता आला नाही, त्यासाठी परत आरशासमोर बसा.

पूर्ण झालेलं चित्र जपायचं असेल तर फिक्सेटिव्हचे, म्हणजे ग्रॅफाइट पुसू न देणाऱ्या फवाऱ्याचे, दोन-तीन पातळ थर साधारण तीस सेंटिमीटरवरून, मोकळ्या हवेत मारा. एकदा फिक्सेटिव्ह बसलं की रबराने उजेड उचलता येत नाही, तेव्हा पापणीच्या कडेवरची ती ओली रेघ मनासारखी झाल्याशिवाय बाटलीला हात लावू नका.